दूध, घास आणि आईचा वेळ

बाळ सहा महिन्यांचे झाले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. आता दूध किती वेळा पाजायचे आणि किती वेळा भरवायचे? आजी एक सांगते, मुंबईहून आलेली नणंद दुसरे सांगते, मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यात तिसरेच असते. सातला दूध, नऊला फळाचा गर, अकराला पुन्हा दूध, साडेबाराला खिमटी. हे तक्ते चुकीचे नसतात. पण ज्या घरात आई दिवसभर बाळाजवळ असते, त्या घरासाठी ते लिहिलेले असतात. मिठबाव, हिंदळे, मुणगे, आचरा या किनाऱ्यावरच्या आपल्या बौद्धवाड्यांत अशी घरे किती? मार्चपासून मे अखेरपर्यंत आंब्याचा हंगाम. काढणी, वाहतूक, निवड, पेट्या भरणे. आई सकाळी बाहेर पडते ती दिवस कलल्यावर परत येते. अशा घरात बाळाच्या पोटात काय जाते हे तक्ता ठरवत नाही, मागे घरात कोण राहिले आहे यावर ते ठरते.

दूध आणि जेवण यांचा मेळ बसत नाही तेव्हा दोष आईच्या अज्ञानाला दिला जातो. माझे मत असे आहे की अज्ञान असेल थोडेफार, पण मोठा प्रश्न तिच्या वेळेचा आहे. आणि हा वेळ ती एकटी कुठून काढणार? तो घराने आणि वाडीने तिला काढून द्यायला हवा.

आधी पोटाचा हिशेब समजून घेऊ. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत वरचे अन्न, आणि आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू. जागतिक आरोग्य संघटनेची हीच शिफारस आहे. सहा महिन्यांनंतर दूध ‘पांचट’ होते ही समजूत काढून टाका. सहा महिने ते वर्षभराच्या बाळाला लागणारी अर्धी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईचे दूधच देते, आणि दुसऱ्या वर्षातही साधारण एक तृतीयांश ऊर्जा त्यातून मिळते. दूध कमी दर्जाचे होत नाही, बाळच मोठे होते आणि त्याची गरज दुधाच्या पुढे जाते.

सगळ्यात आधी तूट येते ती लोहाची. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. आईच्या लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. जे असते ते चांगले पचते, पण पुरत नाही. आईच अशक्त असेल, बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर साठा मुळातच अपुरा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षय असलेली आढळली. शंभरात एकोणसत्तर. याच सर्वेक्षणानुसार देशात सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळतो. नव्वद टक्के आया अडाणी आहेत असे कुणी म्हणणार असेल तर त्याने एकदा वाडीत येऊन दिवसभर राहून बघावे.

आपल्याकडे तोल दोन बाजूंनी जातो. एका घरात आठव्या-नवव्या महिन्यातच आईचे दूध तोडतात, कारण ती कामावर जाते किंवा पुन्हा दिवस गेलेले असतात. दुसऱ्या घरात पोर दीड वर्षाचे झाले तरी दुधावर आणि चहा-बिस्किटावर वाढत असते. ‘पोर दूध पिता, मगे आणि काय व्हया?’ असे आजी समाधानाने सांगते. त्या पोराला भूक लागत नाही, म्हणून ते जेवत नाही; जेवत नाही म्हणून काळजीने आणखी दूध दिले जाते; आणि दुधाने पोट भरले की पुन्हा भूक मरते. पोर दिसायला गुबगुबीत असते, पण पापणी खाली ओढून बघा, आतली बाजू फिकी असते.

गाई-म्हशीचे किंवा पिशवीचे दूध हे वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. वर्षानंतरही आईचे दूध न मिळणाऱ्या बाळाला, अंडी-मासे खात असेल तर दिवसाला दोनशे ते चारशे मिलिलिटर आणि खात नसेल तर तीनशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुष्कळ झाले. म्हणजे दोन पेल्यांच्या वर नाही. त्यापुढचे दूध जेवणाची जागा खाते. चहा तर बाळाच्या वाटीत येऊच नये. चहातली तुरट द्रव्ये अन्नातले लोह शोषू देत नाहीत. आधीच तोकडे असलेले लोह, त्यात वर हा पहारेकरी.

आता जेवणाबद्दल. इथे मला आपल्या पेजेविषयी थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण कोकणात बाळाचे पहिले अन्न म्हणजे पेजच. उकड्या तांदळाची पेज चांगली, पचायला हलकी. पण बाळाला आपण पेज देतो की पेजेची निवळ? टोपात वर आलेले पांढरे पाणी वाटीत काढून त्यात मिठाचा खडा टाकून पाजणे म्हणजे बाळाला जेवण दिले असे होत नाही. सात-आठ महिन्यांच्या बाळाचे पोट एका वेळी पाऊण पेला, फार तर पेलाभर मावेल एवढेच. त्या एवढ्याशा जागेत आपण पाणी भरले तर अन्न कुठे जाणार? निवळ पाजलेले बाळ तासाभरात रडते, मग आपण म्हणतो की याला अन्न पचत नाही, दूधच बरे. अन्न त्याला दिलेलेच नसते.

ओळखायचे सोपे गमक असे: चमचा तिरका केला तर घास चमच्यावरून घरंगळला पाहिजे, पाण्यासारखा वाहून जाता कामा नये. आपल्याकडची अटवल ही खरी बाळाची वाटी आहे. मऊ, घट्ट, बोटांनी मळलेली. तिच्यात मुगाची डाळ शिजवा, शेवग्याचा कोवळा पाला किंवा लाल माठ बारीक करून घाला, वरून चमचाभर खोबरेल तेल किंवा तूप. एका छोट्या चमच्याभर तेलात चाळीसच्या आसपास कॅलरी असतात. वाटी न वाढवता जेवण वाढते ते असे. खाण्याचे खोबरेल घरच्या खोबऱ्याचे असेल तर उत्तमच.

नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून केलेले पीठ आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्यामागचे शास्त्रही आता स्पष्ट झाले आहे. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट फोडणारे विकर तयार होते. घट्ट शिजवलेल्या गरम लापशीत असे मोडाचे पीठ थोडेसे ढवळले, तर पाणी न घालताही ती पातळ होते आणि बाळाला गिळता येते. मग पुन्हा एक उकळी द्यायची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. पाणी घालून पातळ केलेली वाटी आणि मोडाच्या पिठाने पातळ केलेली वाटी दिसायला सारख्या, पण दुसरीत अन्न कितीतरी जास्त. (सत्त्व काढताना नाचणी गाळून चोथा टाकून देतो, त्यात चांगलेही बरेच जाते. बारीक दळा, पण शक्यतो गाळू नका.)

आणि मासे. मासळीबद्दल आपल्याच माणसांना संकोच वाटतो याचे मला दरवेळी नवल वाटते. बाळाच्या आहाराचे जे तक्ते हातात येतात त्यांत दूध, तूप, केळे, सफरचंद, मुगाचे वरण. मासा कुठे नाही, अंडे कुठेतरी शेवटी, ‘चालत असल्यास’. हे तक्ते कुणाच्या स्वयंपाकघरातून निघाले हे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस मात्र सरळ आहे: सहा महिन्यांपासून पुढे बाळाला रोज अंडी, मासे किंवा मांस यांतले काहीतरी मिळावे. समुद्राकाठच्या माणसाला हे सांगायला जिनिव्हाहून यावे लागते. मुडदुशी, बांगडा, तारले उकडून काटे हाताने दोनदा तपासून अटवलीत कुस्करा. आधी नखाएवढे द्या, दोन-तीन दिवस बघा, अंगावर पुरळ-सूज आली नाही तर वाढवा. कोंबडीची कलेजी नीट शिजवून ठेचली तर चमचाभरही लोहासाठी मोलाची. अंडे पूर्ण उकडलेले, पिवळे-पांढरे दोन्ही. बिनमिठाचा सुका जवळा निवडून, धुऊन, भाजून केलेली पूड पावसाळ्यात कामाला येते. खारवलेली मासळी मात्र बाळाला नको, आणि वर्षापर्यंत वाटीत वेगळे मीठही नको. मधही वर्षाच्या आत नाही, गुटीतून तर नाहीच. त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला जिवावरचे दुखणे होऊ शकते.

किती आणि कधी, हेही सांगून टाकते. सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्धा पेला, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिने: अर्धा पेला, तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक पेला, तीन-चारदा, आणि मध्ये एक-दोनदा केळे, उकडलेले रताळे, चिकू, हंगामात आंब्याचा गर. इथे पेला अडीचशे मिलिलिटरचा धरला आहे. घरातली वाटी लहान असते, ती एकदा मापून ठेवा. आईचे दूध मागेल तेव्हा, रात्रीही. मोजत बसू नका. वरचे दूध असेल तर मात्र जेवणानंतर द्या, आधी नको, आणि बाटलीने तर कधीच नको. वाटी-चमच्याने दिलेले दूध बाळ भुकेपुरते पिते. बाटली तोंडात गेली की भूक नसतानाही ओढत राहते, आणि ती बाटली आपल्या विहिरीच्या पाण्यात किती स्वच्छ धुतली जाते हा प्रश्न आहेच. दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांचे डबाबंद अन्न यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी दुकानदार डबा पुढे करतोच. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

इथपर्यंतचे सगळे कोणतीही अंगणवाडी सेविका सांगू शकते, आणि सांगतेही. अडते ते पुढे.

नऊ महिन्यांच्या बाळाला अर्धा पेला अटवल भरवायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. दिवसातून तीनदा म्हणजे दीड तास. शिवाय ती वेगळी शिजवायची, काटे काढायचे, तोंड पुसायचे. हा दीड तास कोणाचा? बागेतल्या मजुरीवर असलेल्या बाईकडे तो नाही. मागे राहिलेल्या आजीचे गुडघे दुखतात, दोन गुरे आहेत, मोठे पोर बालवाडीतून आणायचे आहे. चहात बुडवलेले बिस्किट दोन मिनिटांत संपते. आजीला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच घरात सकाळी दहा वाजता पडवीत बसून मोबाइल बघणारा काका किंवा बाप असतो. त्याला बाळ भरवता येत नाही, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. का येऊ नये? आपण दीक्षा घेतली तेव्हा समतेची प्रतिज्ञा घेतली. ती वाटी-चमच्यापर्यंत आली नसेल तर अजून चौकटीबाहेरच उभी आहे. उष्टावणाचा मुहूर्त पाहणे आपण सोडले हे चांगले केले. त्याच्या जागी निदान पहिला घास बापाने भरवायचा एवढे तरी ठरवूया, आणि दुसऱ्या दिवसापासूनचेही काही घास.

आईला कामावर जायचे असेल तर दूध तोडावे लागत नाही, हेही सांगायला हवे. निघताना पाजा, आल्याबरोबर पाजा, रात्री पाजा. दुपारी जमले तर घरी या किंवा बाळ बागेत आणून पाजा. हाताने काढून झाकण असलेल्या स्वच्छ भांड्यात सावलीत ठेवलेले दूध चार तासांच्या आत संपवावे, भर उन्हाळ्यात त्याहून लवकर. घरी बाळ त्या वेळात घट्ट जेवण जेवत असेल तर दुधाची चणचण फारशी जाणवत नाही. म्हणजे जेवण नीट दिले तर दूध टिकते. या दोघांत भांडण आहे असे समजू नका.

बाबासाहेबांचे या विषयावरचे काम आपण फारसे आठवत नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, पण तोवर मालकानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ च्या जुलैत, त्यांचा राजरत्न गेला होता. पाचांपैकी चार लेकरे रमाईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाई आपल्याच कोकणची, दापोलीजवळच्या वणंदची. प्रत्येक मूल कशाने गेले हे आज सांगता येणार नाही, पण घरातली ओढाताण आपण सगळे जाणतो. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे आणि मागावे. हंगामी मजुरी करणाऱ्या बाईला मात्र आजही यातले काही मिळत नाही. १९२८ मध्ये ज्या बाईसाठी बाबासाहेब उभे राहिले ती कारखान्यात होती. आज ती आंब्याच्या झाडाखाली आहे.

तिच्यासाठी उरते अंगणवाडी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या प्रत्येक बाळाला घरी नेण्याचा आहार हा हक्क म्हणून दिला, तेव्हाच्या निकषानुसार रोजचा पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनांचा. वर्षानंतरच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज साडेपाचशे कॅलरी लागतात. म्हणजे ते पाकीट खरोखर बाळाच्या पोटात गेले तर बहुतेक काम भागते. जाते का? घरातल्या सगळ्यांत वाटले जाते, चव आवडत नाही म्हणून पडून राहते, कधी कोंबड्यांपुढे जाते. यात आपला दोष आहे तसा ते पाकीट बनवणाऱ्यांचाही आहे. पोषण आहार ठेकेदारांकडून न घेता गावातल्या महिला मंडळांकडून, बचत गटांकडून घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच म्हटले होते. अनुसूचित जातींच्या वस्त्यांत अंगणवाडी लवकर सुरू करावी, हेही त्याच आदेशात होते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून लहान बाळांना अंडी देण्याची तरतूद आहे. सिंधुदुर्गात आपल्या वाडीतल्या बाळाला अंड्याची गरज कमी असते असे काही आहे का?

कुणी म्हणेल, विहारात धम्मावर बोलायचे, तिथे बाळाच्या वाटीचा विषय कशाला? आळवीच्या त्या भुकेल्या शेतकऱ्याची गोष्ट आठवा. तथागतांनी त्याला आधी जेवू घातले, मगच उपदेशाला सुरुवात केली. पौर्णिमेला बायका विहारात जमतातच. त्या दिवशी वजनकाटा मागवून दोन वर्षांच्या आतल्या बाळांची वजने घ्यायची, ज्याचे दोन महिने वाढले नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघींनी जायचे. हंगामात चार घरांनी मिळून एका घरी बाळांची अटवल एकत्र शिजवायची, भरवणारी बाई किंवा बाप्या पाळीने, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई बाकीच्यांनी करायची. याला सरकारची परवानगी लागत नाही.

सरकारकडे मागायचे तेही मागूच. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते. आपल्या अंगणवाडीला ते हवे, निदान आंब्याच्या हंगामापुरते तरी, आणि घरी नेण्याच्या आहारात अंडी हवीत, असे दोन विषय लिहून, बायकांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीकडे आधी द्या आणि पोच घ्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते आले पाहिजेत. १ मेच्या सभेपर्यंत थांबलात तर अर्ध्याहून अधिक हंगाम गेलेला असेल.